सीरियल नंबर नाही, तर अ‍ॅडव्हान्स नाही

पत्र : मडगावात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची एक साखळी आहे, तिथे मी सेल्समन आहे. चार वर्षे सात महिने झाले. एकूण पगार २०,०००, त्यात बेसिक ८,०००. इन्सेंटिव्ह तीन महिन्यांचा थकला आहे आणि पगार हल्ली १८-२० तारखेला होतो. आमच्या दोन शाखा बंद झाल्या, फ्रीजच्या रांगेत अर्ध्या जागा रिकाम्या आहेत, पण महिन्याचे ९ लाखांचे टार्गेट हललेले नाही. मॅनेजर म्हणतात, प्रत्येक बिलात एक्स्टेंडेड वॉरंटी घाल, विचारत बसू नकोस. माल नसला तर अ‍ॅडव्हान्स घेऊन ठेव, गणेश चवथीपर्यंत माल येईल. घरी आई, बायको आणि दीड वर्षांची मुलगी आहे. राहू की सोडू? राहिलो तर विकू काय?
— एक वाचक, फातोर्डा

उत्तर : राहायचे की सोडायचे, हे पुढे पाहू. पत्रातले 'अ‍ॅडव्हान्स घेऊन ठेव' हे वाक्य सगळ्यांत धोक्याचे आहे, म्हणून आधी तेच घेतो.

कंपन्या दुकानाला माल उधारीवर देतात. उधारी थकली की 'आधी पैसे, मग गाडी' सुरू होते. अशा वेळी ग्राहकाने दिलेले ५,००० त्याच्या फ्रीजला लागत नाहीत. ते दुकानाच्या भाड्यात, वीजबिलात, कधी तुमच्याच पगारात जातात, आणि त्याचा फ्रीज पुढच्या ग्राहकाच्या अ‍ॅडव्हान्समधून येतो. पुढचा ग्राहक आला नाही की शेवटचे दहा-पंधरा जण अडकतात. त्यांना हेड ऑफिस कुठे आहे ते ठाऊक नसते, ते तुम्हाला ओळखतात. मुंबईत सेल्समन गर्दीत दिसेनासा होऊ शकतो. मडगावात तोच ग्राहक तुम्हाला मासळी बाजारात भेटतो, आणि चवथीला तुमच्या मामाच्या घरी गणपतीवर बांधलेल्या माटोळीखाली बसलेलाही सापडतो.

म्हणून नियम एकच ठेवा : सीरियल नंबर नाही, तर अ‍ॅडव्हान्स नाही. कॉम्प्युटरवर 'स्टॉक १' दिसला म्हणजे माल आहे असे नाही. अडचणीतल्या साखळीत 'ट्रान्झिट'मध्ये, म्हणजे वाटेत, दाखवलेला माल आठवडेच्या आठवडे ट्रान्झिटमध्येच राहतो. ज्या शाखेत किंवा गोडाऊनमध्ये तो दाखवतात तिथे फोन करा आणि बॉक्सवरच्या सीरियल नंबरचा फोटो मागवा. फोटो आला तर तो नंबर बुकिंगच्या पावतीवर लिहा, डिलिव्हरीची तारीख लिहा आणि 'तारीख चुकल्यास पूर्ण रक्कम परत' हे मॅनेजरच्या सहीने लिहून घ्या. मॅनेजर सही द्यायला तयार नसेल तर माल येणार की नाही, हे तुम्हाला तिथेच कळले. आणि काही झाले तरी ग्राहकाचे पैसे स्वतःच्या यूपीआयवर घेऊ नका, 'मशीन बंद आहे, संध्याकाळी भरतो' म्हणूनसुद्धा नाही. उद्या पोलिसांकडे तक्रार गेली तर खात्यावर नाव तुमचे असेल.

एक्स्टेंडेड वॉरंटीचेही असेच आहे, फक्त हा खड्डा वर्षभराने दिसतो. कंपनीची वॉरंटी संपल्यावर ती सुरू होते, म्हणजे ग्राहक आज पैसे भरतो ते पुढच्या वर्षीच्या दुरुस्तीसाठी. तेव्हा ती देणारा जागेवर असेल का, एवढाच प्रश्न. वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात पाहा : देणारा खुद्द ब्रँड आहे, विमा कंपनी किंवा तिसरी सर्व्हिस कंपनी आहे, की तुमची साखळीच? साखळीची स्वतःची असेल तर साखळीबरोबर तीही बुडेल. ती विकू नका. ब्रँडची असेल तर बिनधास्त विका, पण नोंदणी ग्राहकासमोर, काउंटरवरच करा : सीरियल नंबर टाका, त्याच्या फोनवर प्रमाणपत्र आलेले दाखवा, मगच पैसे घ्या. तिसऱ्या कंपनीची असेल तर धोका असा की साखळीने पैसे घेतले पण पुढे भरले नाहीत. तिथेही प्रमाणपत्र हातात आल्याशिवाय व्यवहार पूर्ण समजू नका.

न विचारता बिलात घालणे मात्र सरळ चूक आहे. 'वॉरंटी घेतली तरच टीव्ही मिळेल' अशी अट घालणे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये प्रतिबंधात्मक व्यापारप्रथेत बसते, आणि १९१५ हा हेल्पलाइन नंबर आता ग्राहकांना पाठ असतो. मॅनेजरशी भांडू नका. एवढेच म्हणा, 'मी प्रत्येकाला विचारतो, नाही म्हणणाऱ्याचे नाव लिहून ठेवतो.' महिनाअखेरीस ती यादी समोर ठेवा. विचारून दहातल्या दोघांनी घेतली तर ती टिकते. गुपचूप घातलेली पाच परत येतात आणि त्यांच्या परताव्यासाठी तुम्हीच हेड ऑफिसला मेल लिहीत बसता.

आता विकायचे काय. टार्गेट ९ लाख, कामाचे दिवस २६, म्हणजे दिवसाला साधारण ३४,६०० रुपये. मोठे फ्रीज नसताना हा आकडा जे जागेवर आहे त्यातूनच काढावा लागेल. आणि 'काय दाखवू?' असे न म्हणता घरची माहिती विचारणाऱ्या सेल्समनचे बिल रिकाम्या दुकानातही फाटते. दोन-तीन वस्तू जवळून पाहू.

फ्रंट लोड वॉशिंग मशीन. ग्राहकाला पहिला प्रश्न रंगाचा किंवा किलोचा नको, पाण्याच्या टाकीचा विचारा. पाण्याच्या एक मीटर उंचीमागे साधारण ०.१ बार दाब मिळतो. बऱ्याच फ्रंट लोड मशीनना कमीत कमी ०.३ ते ०.५ बार लागतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तिकेत असतो. म्हणजे टाकी मशीनच्या नळापेक्षा तीन ते पाच मीटर वर हवी. आपल्याकडे गावातल्या बैठ्या घरांत टाकी बाथरूमच्या स्लॅबवर असते, नळापासून जेमतेम दीड-दोन मीटर. मशीन पाणी भरत भरत थांबते, पाण्याची एरर दाखवते, आणि ग्राहक 'खराब पीस दिला' म्हणून दुकानात येतो. अशा घराला सेमी ऑटोमॅटिक किंवा कमी दाबावर चालणारे टॉप लोड सुचवा, नाहीतर प्रेशर पंपाचा खर्च आधीच सांगा. ४२,००० चे बिल २२,००० वर येईल, हे खरे. पण परत येणारे मशीन टार्गेटमधून वजा होते, आणि वर डिलिव्हरी टेम्पोचे भाडे जाते ते वेगळेच.

मिक्सर. दुकानात हा कोपऱ्यात पडलेला असतो आणि चवथीच्या आधी सगळ्यांत जास्त चालतो. आपल्याकडे रोज नारळाचे वाटण लागते; खोबरे, धने, सुक्या मिरच्या थोड्या पाण्यात बारीक करायच्या म्हणजे मोटरवर जोर येतो. ५०० वॅटचा मिक्सर घेतला की काही महिन्यांत तो मध्येच बंद पडू लागतो. तो जळालेला नसतो, ओव्हरलोडने ट्रिप झालेला असतो. तळाला एक लहान बटण असते, बहुतेक लाल. मिक्सर पाचेक मिनिटे गार होऊ द्यायचा आणि ते दाबायचे. हे विकतानाच करून दाखवा. वाटणासाठी ७५० वॅटच्या खाली जाऊ नका, भांडे अर्ध्याच्या वर भरू नका, आणि चटणीच्या भांड्याचे ब्लेड स्वतः फिरवून दाखवा. डेमोला सुके तांदूळ घालण्यापेक्षा जवळच्या दुकानातून खवलेले खोबरे आणा. ग्राहक बायने जार उघडून बोटाने वाटण चोळून पाहिले की किमतीची घासाघीस आपोआप थांबते.

एसी. १२० चौरस फुटांपर्यंत एक टन, १८० पर्यंत दीड टन हा ढोबळ हिशेब ठीक, पण वरच्या मजल्याची, स्लॅब तापणारी, पश्चिमेला भिंत असलेली खोली असेल तर एक पायरी वर जा. भांडण मात्र टनावरून होत नाही, बसवायच्या दिवशी होते. तांब्याचा जादा पाइप, बाहेरच्या युनिटचे स्टँड, ड्रेन पाइप, एमसीबी आणि वायर हे बॉक्सच्या किमतीत नसते. बॉक्सबरोबर किती मीटर पाइप आहे ते पाहून सांगा, पुढच्या मीटरचा दर एस्टिमेटवर लिहून द्या. दीड टनाला ४ चौरस मिलिमीटरची वायर आणि १६ अँपिअरचा पॉइंट आहे का, तेही विचारा. कोलवा-बाणावलीच्या पट्ट्यातले घर असेल तर बाहेरचे युनिट खाऱ्या वाऱ्याच्या थेट तोंडावर लावू नका. तांब्याची, संरक्षक लेप असलेली कॉइल दाखवा, साधे लोखंडी स्टँड टाळा. याच पट्ट्यात होमस्टेवाले पर्यटनाचा हंगाम सुरू व्हायच्या आधी चार-चार एसी एकदम घेतात. त्यांना जीएसटी नंबरासह बिल आणि ठरल्या दिवशी बसवून देणे हवे असते. पाचशे रुपयांच्या सवलतीपेक्षा त्यांना ते महत्त्वाचे. पण इथेही पहिला नियम विसरू नका : चारही सीरियल नंबर हातात हवेत.

'जीएसटी कमी झाला ना, मग फ्रीज स्वस्त का नाही?' हा प्रश्न अजून येत असेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आले ते एसी, डिशवॉशर आणि ३२ इंचांपेक्षा मोठे टीव्ही. फ्रीज आणि वॉशिंग मशीन जुलै २०१८ पासून १८ टक्क्यांवरच आहेत. हे दोन वाक्यांत सांगता आले की ग्राहक पुढचे ऐकतो.

नो कॉस्ट ईएमआयचेही खरे सांगा. ३६,००० चा टीव्ही, सहा हप्ते, प्रत्येकी ६,०००. क्रेडिट कार्डावर १५ टक्के व्याज असेल तर त्यातले साधारण १,५२४ रुपये व्याज असते, आणि तेवढी सूट ब्रँड किंवा दुकान आधीच देते. त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे २७४ रुपये, ग्राहकालाच पडतो. प्रोसेसिंग फी असेल तर तीही. 'एक पैसा जास्त नाही' असे म्हणून विकलेत तर पहिल्या स्टेटमेंटनंतर त्याचा फोन नक्की येणार.

साखळी आता डिस्प्लेचे पीस काढायला लागेल. ते विकायला हरकत नाही, पण बिलावर 'डिस्प्ले पीस' लिहा आणि वॉरंटी कधीपासून धरणार ते ब्रँडच्या सर्व्हिस सेंटरला विचारून लिहा. टीव्ही दुकानात रोज १२ तास चालला तर ३०० दिवसांत ३,६०० तास होतात. घरी रोज चार तास पाहणाऱ्याचे ते अडीच वर्षे झाली. शिवाय तो शॉप मोडमध्ये, भडक उजेडावर चाललेला असतो. सूट त्या मानाने मागा; नाहीच मिळाली तर तो टीव्ही ओळखीच्याला विकू नका.

फोनवर ऑनलाइन किंमत दाखवणाऱ्यावर चिडू नका. मॉडेल नंबरची शेवटची दोन-तीन अक्षरे जुळवून पाहा. बऱ्याचदा ऑनलाइनचे मॉडेल वेगळे असते. जुळले, तर ती किंमत कुठल्या बँकेच्या कार्डावर आहे, बसवणे धरून आहे का, जुन्या मशीनचे किती मिळतात, हे त्याच्याबरोबर बसून कागदावर मांडा. तरीही तिकडे स्वस्त निघाले तर त्याला जाऊ द्या.

आता तुमच्या स्वतःच्या पैशांचे. आज रात्रीच उमंग अ‍ॅपवर पीएफचे पासबुक उघडा. मालकाने प्रत्येक महिन्याचा पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. पगारपत्रकात कापलेला आणि पासबुकात न दिसणारा प्रत्येक महिना लिहून काढा. पीएफ कापून न भरणे हा गुन्हा आहे, आणि दुकान डबघाईला आल्याची याहून पक्की खूण नाही. (दुसरी खूण : ब्रँडचे प्रमोटर, म्हणजे तुमच्या दुकानात उभे राहून ब्रँडसाठी त्याचाच माल विकणारे. त्यांना ब्रँडने तुमच्या फ्लोअरवरून उचलले असेल तर उधारी थकल्याचे ब्रँडला तुमच्या आधी कळलेले असते.) तक्रार ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, तक्रार पोर्टलवर करता येते, किंवा पणजीच्या कार्यालयात.

पगार २१,००० च्या आत, म्हणून तुम्ही ईएसआयमध्येही (कामगारांच्या सरकारी विमा योजनेत) आहात. घरात लहान मूल आहे, तेव्हा हे विसरू नका : एप्रिल ते सप्टेंबरच्या हप्त्यांवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ अवलंबून असतात. पोर्टलवर ते हप्ते तपासा.

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायला हवा, असे वेतन संहिता सांगते. ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू आहे. थकलेल्या इन्सेंटिव्हसाठी मॅनेजरला तोंडी विचारणे बंद करा. किती विक्रीला किती इन्सेंटिव्ह हा स्लॅबचा तक्ता, तुमची महिनावार विक्री आणि थकलेली रक्कम एका मेलमध्ये लिहून एचआरला पाठवा. उत्तर आले नाही तरी चालेल, मेल तारखेसह राहतो. पुढे गरज पडली तर तो घेऊन पणजीला पाटोवरच्या श्रमशक्ती भवनात, कामगार आयुक्तांच्या कार्यालयात जाता येईल.

ग्रॅच्युइटीसाठीच थांबलो आहे, असे तुमच्या पत्रातून वाटले. हिशेब करू. सूत्र : महिन्याचे वेतन गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षे. ८,००० बेसिकवर पाच वर्षांचे २३,०७७ होतात. नव्या संहितेप्रमाणे वेतन म्हणजे एकूण पगाराचा किमान निम्मा भाग धरावा लागतो, म्हणजे १०,०००, त्यावर २८,८४६. अट पाच वर्षांची आहे. मात्र पाचव्या वर्षी २४० दिवस काम झाले तरी पुरे, असा निर्णय मद्रास उच्च न्यायालयाने दिलेला आहे. तो पकडला तर तुम्हाला आणखी महिना-दीड महिना लागेल, पण मालक वाद घालू शकतो, कारण सरळ आकडा पाच वर्षांचाच. दुसऱ्या पारड्यात पाहा : एक पगार बुडाला तर २०,००० गेले. दोन बुडाले तर ग्रॅच्युइटीच्या वर गेले. म्हणून आमचे मत असे : पासबुकात पीएफ भरलेला दिसत असेल आणि पगार उशिरा का होईना येत असेल, तर चवथ उरकेपर्यंत राहा, विक्रीही त्याच काळात होईल आणि दिवसही भरतील. पीएफ दोन महिने भरलेला नसेल तर थांबू नका.

शोध मात्र आजपासूनच. तुमच्यासारख्याला ब्रँडच्या प्रमोटरची जागा, डिस्ट्रिब्युटरकडे फिरतीची नोकरी किंवा म्हापसा-फोंड्यातल्या जुन्या एकट्या दुकानात काउंटर मिळू शकतो. तिसरी जागा आमच्या मते कमी लेखू नये. तिथे पगाराचा आकडा लहान वाटेल, पण मालक गल्ल्यावर बसलेला असतो आणि पैसे मागायला एचआर शोधावा लागत नाही. मुलाखतीला बारा महिन्यांची स्वतःची विक्री, कुठल्या वस्तूत किती, असा एक कागद न्या. ग्राहकांची नावे आणि फोन नंबर मात्र नेऊ नका. ते तुमचे नाहीत, आणि चांगला मालक अशा माणसाला घ्यायला घाबरतो.

राजीनामा नियुक्तिपत्रातली नोटिशीची मुदत पाहून, मेलने द्या. शेवटच्या दिवसानंतर दोन कामाच्या दिवसांत पगाराचा हिशेब द्यायला हवा. ग्रॅच्युइटीला ३० दिवस. आणि बंद पडत आलेल्या दुकानात हमखास होणारी एक गोष्ट : स्टॉक कमी निघतो आणि तो जाणाऱ्याच्या नावावर लागतो. म्हणून निघण्याआधी तुमच्या सेक्शनचा प्रत्येक पीस मोजा. मॉडेल, सीरियल नंबर, बॉक्समध्ये की डिस्प्लेवर, रिमोट आणि केबल आहे की नाही, असा तक्ता दोन प्रतींत करा आणि मॅनेजरची तारखेसह सही घ्या. किल्ल्या, कार्ड मशीन, युनिफॉर्म हेही त्यातच. सही देत नसेल तर तक्त्याचा फोटो त्याच दिवशी मेल करा.

साखळी दिवाळखोरीत गेली तर वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. कामगारांनी 'फॉर्म डी'मध्ये दावा करायचा असतो, आणि मुदत फार नसते. नोकरी सोडलेली असली तरी थकबाकीसाठी तो तुम्हालाही भरता येतो. पगारपत्रके आणि तो इन्सेंटिव्हचा मेल तेव्हा लागतील, म्हणून ते ऑफिसच्या मेलवर न ठेवता आजच स्वतःच्या मेलवर घ्या.

पासबुकातली शेवटची नोंद कुठल्या महिन्याची आहे, तेवढे आम्हाला लिहून कळवा. त्यानंतरचे दोन महिने भरलेले नसतील तर चवथीपर्यंत थांबण्याचा सल्ला आम्ही मागे घेतो.